निदानरेषा

अण्णांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. "एसटीत कंडक्टर, त्यात कबड्डीचे पंच. मग घरी असायचे तरी कधी? तुमच्या वाट्याला आले किती?" परवा तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

अण्णा गुहागर आगारात होते. आमचं घर पालशेतला, रस्त्यालगत. हेदवीकडे जाणारी त्यांची गाडी दुपारी घरावरून जायची आणि थांब्यावर जेमतेम मिनिटभर उभी राहायची. मी डबा घेऊन तिथे हजर. अण्णा उतरायचे, डबा घ्यायचे आणि नाण्यांचा वास लागलेला तळवा माझ्या मानेवर ठेवून दोनच प्रश्न विचारायचे. एक शाळेचा, एक आईचा. पण उत्तर पुरतं ऐकल्याशिवाय दोरी ओढायचे नाहीत. मग डबल बेल, आणि गाडी वळणाआड. वस्तीची ड्युटी असली की त्या दिवसाची आमची भेट एवढीच.

असंच एकदा मी रुसून म्हटलं, "एवढ्यासाठी कशाला उतरता?" त्या रविवारी ते मला मळ्यात घेऊन गेले. भातकापणी होऊन गेली होती, पोरं चुन्याने मैदान आखत होती. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा. चढाईला गेलेल्या गड्याने कुणाला शिवलं नाही, तरी निदान ही रेषा ओलांडून यायचंच, नाहीतर तो बाद. आणि ओलांडली कधी म्हणायची? एक पाय पलीकडे टेकलेला, दुसरा हवेत. अण्णांनी स्वतः तसं उभं राहून दाखवलं आणि म्हणाले, "रोज गडी मारता येत नाही रे. पण ही चुकवायची नाही." थांब्यावर का उतरता, हे मी त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही.

खेळाचं वेड मात्र विलक्षण. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा पहिल्यांदा समावेश झाला आणि आपण सुवर्णपदक घेतलं, तेव्हा अण्णांनी गाडीतल्या प्रत्येकाला तिकिटाबरोबर पेढा दिला. पदरचे पैसे घालून, महिनाअखेर असताना. आई त्यावर एक शब्द बोलली नाही, याचंही मला कौतुक वाटतं.

वर्षभर गाडीत उभा राहिलेला माणूस सुट्टीत घरी पाय पसरून बसेल की नाही? अण्णा मे महिन्यात पास काढून आम्हाला पुन्हा गाडीतच बसवायचे. पंढरपूर, कोल्हापूर, एकदा तर थेट वेरूळ. कुंभार्ली घाट लागला की मला नि ताईला हलवून उठवायचे. "झोपायला घर आहे. खाली बघा." लांब जाणं जमलं नाही, तर हेदवीची बामणघळ ठरलेली. कातळातल्या त्या चिंचोळ्या घळीत भरतीचं पाणी घुसून उसळतं, ते बघायला वेळ साधावी लागते. अण्णा तिथीची पाऊणपट करून भरती काढायचे. अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. मला पाऊणकीचा पाढा शाळेआधी असा आला. पाणी उसळलं की अंगावर तुषार यायचे, अण्णा आम्हा दोघांना दंडाला धरून मागे ओढायचे, आणि पुढच्या लाटेसाठी आमच्याआधी स्वतःच वाकायचे.

चुकलं नाही का काही? चुकलं. ताईचा दहावीचा निकाल लागला तेव्हा ते कुठेशी वस्तीला होते. पहाटे पहिल्या गाडीने आले आणि झोपलेल्या ताईच्या उशाशी गणवेशातच बसून राहिले.

शेवटच्या पावसाळ्यात अण्णा माजघरातल्या कॉटवरच असायचे. तरी संध्याकाळी ओटीपर्यंत जायचा हट्ट. मी बगलेत हात घालायचो आणि आम्ही एकेक पाऊल टाकत उंबऱ्याशी यायचो. त्या संध्याकाळी पाऊस थांबला होता, दुरून गाजेचा आवाज येत होता. त्यांनी उजवा पाय उंबऱ्यापलीकडे टेकला. मग सगळा भार माझ्या खांद्यावर टाकून डावा उचलला. वीतभरच, पण जमिनीपासून सुटलेला. क्षणभर तसेच उभे राहिले. त्यांचा दम लागलेला मला मानेवर जाणवत होता.

"झालं," म्हणाले. "चल, परत."