गळती बघायला गेलो आणि…

मुलुंडच्या एका सोसायटीत हॉलचं सीलिंग गळत होतं. वरच्या फ्लॅटला ओपन टेरेस. अशा वेळी मी आधी नहाणी, म्हणजे पावसाचं पाणी जायचं तोंड, शोधतो. इथं ती दिसेचना, कारण अख्ख्या टेरेसवर सुरेख लाकडी डेक होता आणि नहाणीवर उघडझाप करायला झाकणही ठेवलेलं नव्हतं.

दोन फळ्या काढायला लावल्या. खाली एमएस, म्हणजे साध्या पोलादी पाइपची फ्रेम, अँकर फास्टनरने (भोक पाडून ठोकायच्या बोल्टने) थेट स्लॅबला ठोकलेली. कोबा, वॉटरप्रूफिंग सगळं भेदून. फ्रेम रबरी पॅडवर नुसती टेकवली असती तरी चाललं असतं. शिवाय पाइप उताराला आडवे, म्हणजे प्रत्येक पाइपामागे पाणी अडवणारा एकेक बांध. सुतारकाम मात्र अप्रतिम, एक फळी हलत नव्हती.

"सर, लाकूडच तर आहे, वजन असून असून किती असणार?" मालकीणबाई म्हणाल्या. लाकडाचं नव्हेच, कडेच्या कुंड्यांचं. फूटभर ओली माती म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोच्या वर. वापरायच्या गच्चीसाठी आयएस ८७५ हे इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचा चल भार, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, धरायला सांगतं. इंटिरियरवाल्यांच्या ड्रॉइंगवर झाडांची लॅटिन नावं होती, दिव्यांचा रंग होता. किलोचा आकडा कुठेच नाही.

हे सगळं नेहमीचंच. डोक्यातून जात नाही ते वेगळं. पॅरापेट, म्हणजे टेरेसचा कठडा, मूळचा ११० सेंटिमीटर. नॅशनल बिल्डिंग कोड किमान १ मीटर मागतो, पण तो तयार फरशीपासून मोजायचा. डेक २३ सेंटिमीटर चढला, पॅरापेट उरला ८७. त्यालाच चिकटून बसायला ४५ सेंटिमीटर उंचीचा बाक. मी टेप लावत होतो तेवढ्यात घरातला चार-पाच वर्षांचा मुलगा बाकावर चढून खाली पार्किंगमधली गाडी दाखवायला लागला. त्याच्या पायापासून कठड्याची कड ४२ सेंटिमीटर. सातवा मजला. मी त्याला उचलून खाली ठेवला. आईला वाटलं, मी बाकाची पॉलिश जपतोय.

रिपोर्टमध्ये हा मुद्दा पहिला घातला. सेक्रेटरींचा फोन: "साहेब, आपला विषय गळतीचा. हे कशाला? उगाच वाद होतील." सोसायट्यांना रिपोर्ट हवा असतो तो खर्च कोणाच्या माथी मारायचा हे ठरवण्यापुरता. मी परिच्छेद काढला नाही, शिवाय मालकांना वेगळं पत्र देऊन पोच घेतली.

फास्टनर निघाले, भोकं बुजवली, पाणी साठवून गळती बघायची पाँडिंग टेस्ट झाली, नहाणीवर झाकण आलं, कुंड्याही हलल्या. खालचे खूश. बाक काढायला मात्र घरात कोणी राजी नाही. मग मी काचेचं रेलिंग सुचवलं, बाकाच्या बैठकीपासून मीटरभर उंच आणि डेकला नव्हे, पॅरापेटच्या आरसीसीला पक्कं केलेलं. त्यावर डिझायनरचं म्हणणं, व्ह्यू तुटतो. सध्या कोटेशन मागवलंय म्हणतात. मी दर आठवड्याला फोन करतो, ते आता जरा उशिरानेच उचलतात.