पहिली क्रूझ निवडताना बंदरातले तास मोजा

क्रूझच्या जाहिरातीत स्विमिंग पूल दिसतो, घसरगुंडी दिसते, रोषणाई दिसते. बुकिंग ज्याच्या भरवशावर करावं तो कागद वेगळाच असतो. कोणत्या दिवशी कुठलं बंदर, जहाज लागणार किती वाजता आणि सुटणार किती वाजता, हे त्यात असतं. पहिल्यांदा जाणारे बरेच जण तो पैसे भरल्यावर उघडतात.

त्या कागदावर लिहिलेले तास जहाजाचे असतात, तुमचे नव्हेत. सकाळी ९ ते संध्याकाळी ६ असं छापलेलं असेल तर उतरायला पाऊण-एक तास धरा. परत चढायची मुदत सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी संपते. म्हणजे हातात राहिले सातच तास, आणि त्यातून बंदर ते शहर हा प्रवास वजा व्हायचा असतो. मुंबई-गोवा फेरीत जहाज लागतं मुरगावला, पणजीला नाही. बोगमाळो किनारा जवळ आहे, पणजी आणि जुनं गोवं आरामात होतं. पण कळंगुट-बागा करायचं म्हटलं तर दिवस गाडीतच जातो. ‘रोम’ लिहिलेलं असतं तेव्हा बंदर चिविताव्हेक्कियाचं असतं, आणि तिथून रोम ७० किलोमीटरहून लांब आहे. फ्लॉरेन्सच्या नावाखाली लिव्होर्नो निघतं. शहराचं नाव वाचून खूश होऊ नका, कंसातलं बारीक अक्षरातलं नाव वाचा.

मराठी कुटुंबांच्या पहिल्या क्रूझसाठी दोन पर्याय खरोखर सोयीचे आहेत: मुंबई आणि सिंगापूर. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज २०२१पासून चालतं. जहाज १९९०चं, आधी रॉयल कॅरिबियन या परदेशी क्रूझ कंपनीकडे होतं. विमान नाही, व्हिसा नाही, जेवणात आपल्या चवीची खात्री. समुद्र आपल्याला झेपतो का एवढंच बघायचं असेल तर हा सगळ्यात स्वस्त प्रयोग. मात्र दोन रात्रींची फेरी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पहिला दिवस चेक-इन आणि सुरक्षा कवायतीत संपतो, दुसऱ्या दिवशी जहाज जरा ओळखीचं होतं आणि त्याच रात्री बॅगा भरायच्या. तीन किंवा चार रात्री घ्या. सात रात्री पहिल्याच खेपेला नकोत.

सिंगापूरहून तीन-चार रात्रींच्या फेऱ्या मोठ्या जहाजांवर मिळतात. इथेही बंदर बघून निवडा. पेनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं आणि जॉर्ज टाऊनची जुनी वस्ती तिथून चालत गाठता येते, टूर विकत घ्यायची गरजच नाही. पोर्ट क्लांगहून क्वालालंपूर गाडीने तास-सव्वा तास, तेही वाहतूक सरळ असेल तर. फुकेतला मोठी जहाजं बहुधा पातोंगच्या खाडीत नांगर टाकतात आणि छोट्या बोटींनी माणसं किनाऱ्यावर नेतात. याला टेंडर म्हणतात. रांग लागते, गुडघे दुखणाऱ्यांना हलत्या बोटीत पाऊल टाकणं जड जातं, आणि लाटा वाढल्या की कप्तान ते बंदर सरळ रद्द करतो. लक्षद्वीपलाही उतरणं असंच बोटीने. ज्या एका ठिकाणासाठी तुम्ही क्रूझ घेताय तेच टेंडरचं असेल तर दुसरी फेरी बघा.

तारखांचं गणितही याच्याशी बांधलेलं आहे. मलाक्काची सामुद्रधुनी सुमात्रा आणि मलेशियाच्या मधे आडोशाला असल्याने सहसा शांत असते, पण फुकेतचा पश्चिम किनारा अंदमान समुद्राला उघडा आहे. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत तिथे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा येतात. म्हणजे शाळेच्या सुट्टीत जायचं तर एप्रिलमध्ये जा, मेअखेर नको. मुंबईहून नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात निवांत.

आता केबिन. इथे चूक झाली की तिसऱ्या रात्रीपर्यंत भोगावी लागते. एसटीत मागच्या बाकावरचा माणूस प्रत्येक खड्ड्याला उडतो आणि दोन चाकांच्या मधला डुलकी काढतो, जहाजातही तसंच. पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर हलणं जास्त, मध्यावर आणि खालच्या डेकवर कमी. ज्यांना घाटात उलटी होते त्यांनी मधली, खालची केबिन मागून घ्यावी. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाचा मजलेवार नकाशा, उघडून आपल्या केबिनच्या वर काय आणि खाली काय हे बघा. वर पूल असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत धडधड. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा उत्तम. ‘गॅरंटी’ नावाची स्वस्त केबिन म्हणजे नंबर कंपनी देणार, तुम्ही नाही. पहिल्या वेळी ती टाळा.

आतली केबिन साधारण १५० ते १७० चौरस फुटांची, जुन्या जहाजांवर त्याहून लहान. खिडकी नसते, दिवा मालवला की सकाळ झाली की नाही कळत नाही. चौघांच्या कुटुंबाला एक बाल्कनी केबिन विकायचा प्रयत्न होतो. त्यात दोन बिछाने छतातून खाली येतात, शिडी लावून चढायचं, आणि बाथरूम एकच. त्यापेक्षा शेजारशेजारच्या दोन आतल्या केबिन्सचे भाव विचारा. दोन बाथरूम मिळतात, आणि आजी-आजोबांना शिडीखाली झोपावं लागत नाही.

बोट लागण्याची भीती असेल तर अ‍ॅव्होमिन ही उलटीवरची गोळी जहाज हलण्याच्या तास-दोन तास आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. ती झोप आणते, म्हणून वयस्करांनी आणि इतर औषधं चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आलेपाकाच्या चार वड्या खिशात ठेवल्या तर वाईट नाही.

भाव कायम ‘प्रतिव्यक्ती, एका केबिनमध्ये दोघे’ असा असतो. एकटा जाणारा जवळपास दुप्पट भरतो. त्यावर बंदर शुल्क, कर आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टीप. ही शेवटची रक्कम दर माणशी दर दिवशी लागते, लहान मुलांनाही. १८ डॉलरचा दर धरला तर चौघांचे चार रात्रींचे २८८ डॉलर झाले. इंटरनेट आणि दारू सहसा वेगळं. जहाजावरच्या खर्चासाठी डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिलंत तर जहाज त्यावर रक्कम अडकवून ठेवतं आणि ती सुटायला दिवस लागतात. क्रेडिट कार्ड द्या. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर समुद्रातलं रोमिंग बिल घरी आल्यावर घाम फोडेल.

व्हिसाची एक गोम पक्की ध्यानात ठेवा. सिंगापूरहून सुटलेलं जहाज परत सिंगापूरलाच येतं, म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा शिरता. व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा हवा, अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात शिरतानाचा फॉर्म, तोही परतताना पुन्हा भरायचा. युरोपात शेंगेनबाहेरचं, म्हणजे एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेरचं, एखादं बंदर, समजा तुर्कस्तान, मधे आलं की तोच नियम. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवीच. गर्भवती स्त्रीला २४ आठवड्यांनंतर आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला बहुतेक कंपन्या घेत नाहीत.

विमान असेल तर एक दिवस आधी पोहोचा. उशीर झालेल्या विमानासाठी जहाज थांबत नाही. परतीचं तिकीट दुपारी दोननंतरचं काढा, कारण शेवटच्या सकाळी हजारो माणसं एकाच दाराने उतरतात. आदल्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात. त्या थेट धक्क्यावरच दिसतात. औषधं, पासपोर्ट आणि सकाळी घालायचे कपडे हातातल्या पिशवीत काढून ठेवा. हे विसरलेली माणसं दर फेरीत रात्रीच्या पायजम्यात इमिग्रेशनच्या रांगेत उभी दिसतात.