झेनचा एसी: अर्ध्या मिलिमीटरची भानगड

मंडळी, माझ्या मारुती झेनच्या एसी कॉम्प्रेसरचा क्लच (कॉइलच्या चुंबकाने पुढची प्लेट फिरत्या पुलीला चिकटवून कॉम्प्रेसर फिरवतो तो) धरला! रविवारी भर दुपारी, 38 अंशांत, हडपसरहून सासवडला जाऊन आलो. दिवे घाटात दुसऱ्या गिअरवर चढतानासुद्धा एकदाही सुटला नाही.

मागचं आठवत असेलच. सकाळी एसी झकास, वीस-पंचवीस मिनिटांनी कॉम्प्रेसर बंद, मग इंजिन गार होईपर्यंत धरायचं नाव नाही. फ्यूज ठीक. हॉर्नचा रिले (स्विचच्या इशाऱ्यावर करंट जोडणारी डबी) एसीच्या जागी लावला तरी तेच. एका गॅरेजमध्ये तर दाब मोजायचा गेज न लावताच "गॅस गेलाय, भरून टाकू" म्हणाले. या पद्धतीची मला चीड आहे. गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरणं म्हणजे पैसे पाण्यात. घरी पहाटे स्वतःचा गेज सेट लावला. हवा 30 अंश, दोन्ही बाजूंना 95 पीएसआय. एसीतला आर-134ए गॅस, कॉम्प्रेसर बंद असताना, त्या तापमानाला एवढाच दाब दाखवतो. यावरून गॅस पुरेसा आहे हे कळत नाही, पण सिस्टम रिकामी नाही आणि लो-प्रेशर स्विच (दाब फार कमी झाला की कॉम्प्रेसर बंद करणारा) याच्यामुळे तुटत नाहीये, एवढं नक्की.

मग शनिवारी लेक आत बसून स्विच दाबत होती, मी बॉनेटखाली मल्टीमीटर घेऊन. बॅटरीवर 13.9 व्होल्ट, क्लचच्या कॉइलवर 11.3. अडीच व्होल्ट वाटेत गायब! पॉझिटिव्हची वायर चाचपण्यात तास घालवला. शेवटी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं कॉम्प्रेसरच्या बॉडीला लावलं: 1.9. या कॉइलला वायर एकच, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट) बॉडीतून, म्हणजे एवढे व्होल्ट परतीच्या वाटेतच जात होते. इंजिनची अर्थ पट्टी सोडवली तर लगखाली (टोकाच्या कडीखाली) हिरवट-पांढरी भुकटी आणि वेणीतल्या निम्म्या तारा तुटलेल्या. नाना पेठेतून जाड पट्टी आणली, दोन्ही जागा काचपेपरने चकचकीत केल्या. ड्रॉप 0.1 वर आला. लेकीने टाळ्या वाजवल्या.

आणि सोमवारी स्वारगेटच्या सिग्नलला पुन्हा बंद.

आता कॉइलवर पूर्ण 13.6 येत होते, तरी प्लेट ढिम्म. कॉइल मोजली: गार असताना 3.8 ओहम, तापल्यावर 4.7. तांबं तापलं की रेझिस्टन्स एवढा वाढतोच, म्हणजे कॉइल जळालेली नाही, फक्त तिची ओढ कमी होते. इंजिन बंद करून बॅटरीवरून थेट दोन वायरी दिल्या. काही नाही. हातोडीच्या लाकडी दांड्याने प्लेट हलकेच पुलीकडे दाबली, तर 'टक्' करून चिकटली आणि दांडा काढल्यावरही चिकटूनच राहिली. त्या आवाजाने डोक्यात प्रकाश पडला. धरून ठेवायला चुंबकात जोर आहे, लांबून ओढून घ्यायला नाही!

प्लेट आणि पुलीमधल्या फटीत फीलर गेज (फट मोजायच्या पात्यांचा सेट) घातला: 0.95 मिमी. असायला हवी साधारण अर्धा मिमी. वीस वर्षांच्या घासण्याने फट वाढत गेली होती. (स्वस्तातला गेज घेऊ नका. माझ्या पहिल्या सेटच्या पात्यांवरचे आकडे ऑइल लागताच पुसले गेले.) मधला बोल्ट काढला, प्लेट अलगद ओढली, शाफ्टवर दोन शिम (फट ठरवणाऱ्या पातळ चकत्या) निघाले, 0.5 आणि 0.1 मिमीचे. जाड काढला, पातळ ठेवला. परत बसवून तीन ठिकाणी मोजलं, 0.45. प्लेट हाताने फिरवून पुलीला कुठे घासत नाही ना तेही पाहिलं. सगळं काम गाडीवरच झालं, गॅस सोडावा लागला नाही.

सासवडहून परतताना मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर 9 अंश दाखवत होता. सेकंडहँड कॉम्प्रेसर घ्यायचा बेत रद्द.

पुढच्या रविवारी कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) धुणार होतो, पण हे लिहिताना वेगळंच सुचलं. कॉइलच्या वायरला जोडून डॅशबोर्डवर एक छोटा दिवा बसवतो. एसी बंद पडला आणि दिवा चालू असेल तर दोष क्लचचा किंवा त्याच्या अर्थचा, दिवाही गेला तर त्याआधीच्या वायरिंगचा, रिलेचा किंवा स्विचचा. चालत्या गाडीत एका नजरेत कळेल. तेच आधी.

एक गोष्ट राहिली. एसी बंद असताना पुली बारीक घरघरते आणि क्लच धरला की आवाज जातो, म्हणजे पुलीचं बेअरिंग. कुणी कॉम्प्रेसर गाडीवर ठेवूनच ते बदललंय का? पुलर (पुली ओढून काढायचं हत्यार) कोणता वापरलात तेवढं सांगा.