काकू म्हणाल्या, मेनला हात लावू नका

बावीस वर्षं इन्व्हर्टर आणि वायरिंगचं काम करतोय, पण या घरासारखं घर पाहिलं नव्हतं. कोथरूडला डहाणूकर कॉलनीतनं फोन आला, साठीतल्या काकू, म्हणाल्या इन्व्हर्टर साइन वेव्हचाच पाहिजे (मेनच्या लाइटसारखा करंट देणारा), स्क्वेअर वेव्ह असेल तर जिना चढू नका. म्हणलं मुलगा इंजिनिअर असणार.

तिसरा मजला, जुनी बिल्डिंग. जागा बघितली आणि सवयीप्रमाणे "काकू पाच मिनिटं मेन बंद करतो" म्हणत हात बॉक्सकडे नेला, तर काकू किचनमधनं हातात उलथनं घेऊन धावत आल्या. "हात काढा आधी तिथनं! आमच्या ह्यांचं हृदय चालतंय त्याच्यावर."

मला वाटलं पुणेरी टोमणा आहे. पण आत काका पेपर वाचत बसलेले, पोटातनं एक केबल बाहेर, ती कमरेच्या डब्यात, म्हणजे पंपाच्या कंट्रोलरमध्ये, आणि डब्यापासून पुढची वायर खरंच भिंतीतल्या सॉकेटपर्यंत. हृदयाचा डावा कप्पा रक्त ढकलेनासा झाला म्हणून पंप बसवलाय, हार्टमेट ३ नावाचा. काका म्हणाले आतला रोटर चुंबकावर तरंगतो, कशाला टेकत नाही, मिनिटाला पाच हजारांवर फेरे. मी मोटरवाला माणूस, माझ्या तोंडातनं निघून गेलं, "म्हणजे बेअरिंग जायचा प्रश्नच नाही." काका इतके हसले! मग माझी बोटं धरून स्वतःच्या मनगटावर ठेवली. काहीच लागेना. रक्त सलग वाहतं त्यामुळे ठोका हाताला जाणवत नाही म्हणाले, माझ्या मात्र अंगावर काटा.

मेन तर बंद करायचाच होता. काकूंनी चार्जरमधनं दोन बॅटऱ्या काढल्या, साधारण अर्ध्या किलोची एकेक, बटण दाबून चारही हिरवे दिवे पेटतात का ते बघितलं. मग डब्याच्या पांढऱ्या आणि काळ्या अशा दोन कनेक्टरपैकी फक्त पांढरं सोडवलं, डबा पिकपिक करायला लागला, ते बॅटरीला जोडलं, आवाज थांबला, आणि त्यानंतरच काळ्याला हात लावला. दोन्ही एकदम कधीच सोडायची नाहीत. डब्याच्या आत छोटी बॅटरी असते पण ती पंधरा मिनिटांची, आणि काकूंच्या भाषेत "ती आहे हे विसरूनच जगायचं."

तेव्हा कळलं की इन्व्हर्टर पंपासाठी नव्हताच. कंपनी म्हणते चांगल्या बॅटऱ्यांची जोडी सतरा तासांपर्यंत जाते, काकू दहाच धरतात. अशा चार जोड्या. म्हणजे गुरुवारचा महावितरणचा मेंटेनन्स वगैरे त्यांच्या खिजगणतीत नाही. भीती लांबलेल्या बंदची, तेव्हा रिकाम्या झालेल्या बॅटऱ्या भरायच्या कुठे. हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरने पण तेच सांगितलेलं, लाइट गेली की पंप बॅटरीवर, आणि इन्व्हर्टरवर लावायचाच तर फक्त चार्जर. त्याहून लांबलं तर पर्वतीला नणंदेकडे, तिची लाइन वेगळी, किंवा सरळ हॉस्पिटल. दाराशी पिशवी तयारच, जास्तीचा कंट्रोलर आणि बॅटऱ्या, भाजी आणायला गेले तरी काकांबरोबर जाते.

लाइट जाण्यापेक्षा मला त्या सॉकेटचीच भीती वाटली. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण, आणि या मशीनला बटणावरचं सॉकेट चालत नाही. त्यांनी वर ब्राऊन टेप मारलेली, कारण एकदा झाडलोट करताना मावशींनी सवयीने बटण बंद केलं होतं. अर्थिंग बघितलं तर मीटरवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये ३८ व्होल्ट, दोन-तीनच्या वर नको खरं तर. दोन दिवस खपलो. खाली नवीन अर्थिंग, तपकीर गल्लीतनं वेगळा एमसीबी आणून त्या सॉकेटला स्वतंत्र लाइन, बटणच काढून टाकलं. एक्स्टेन्शन बोर्ड दिसला तोही उचलून नेला.

मग मे महिन्यात तो वळीव आला. गल्लीतला गुलमोहोर तारांवर पडला, रात्री नऊला अंधार. दहाला मी घाबरत फोन केला तर काकू वैतागल्या, "महावितरणच्या १९१२ नंबरला तक्रार झाली, जेवणं झाली, आता झोपू द्या." एरवी काका रात्री भिंतीच्या लाइटवरच झोपतात, झोपेत बॅटरीचा अलार्म ऐकू नाही आला तर काय घ्या. त्या रात्री भरलेली जोडी लावून काकूंनी मोबाइलवर तीनचा गजर लावला.

दुसऱ्या दिवशीही लाइट नाही, आणि संध्याकाळी त्यांचा फोन की इन्व्हर्टर बंद पडला. चूक माझी होती. सवयीने मी हॉलचा पंखा आणि वायफायही त्याच लाइनवर दिलेले. १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट, मिळतात त्याहून कमी, आणि ७५ वॅटचा पंखा वीस तासांत दीड युनिट खातो. चार्जरला राहिलं काय?

दुकानातली भरलेली बॅटरी टेम्पोत टाकली. लिफ्ट बंद, म्हणजे पन्नास किलोच्या वरचं ते धूड मी आणि पोऱ्याने तीन मजले चढवलं, वर पोचलो तेव्हा बोलता येत नव्हतं.

दार उघडून काकू म्हणाल्या, "अहो तीन जोड्या भरलेल्या आहेत अजून, एवढं धावत कशाला आलात?"

काकांनी बसायला सांगितलं, माझं मनगट धरलं, घड्याळ बघत थोडा वेळ गप्प. "तुमची लागतेय बरं का. फार जोरात लागतेय."

बॅटरी बदलली, पंखा काढला. वायफायच्या वायरला हात घातला तर काका म्हणाले, ते राहू द्या, मॅच आहे.