आमची वाटचाल : लायनरपासून लाइन लॉकपर्यंत

आमचं दुकान ब्रेकचं. टेम्पो आणि जीपच्या शूंवर लायनर रिबिट करायचं, व्हील सिलिंडरचे किट बदलायचे, ड्रम टर्निंग करायचं, मग डिस्क स्किमिंग, अशी कामं वाढत गेली. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती (उभ्या गाडीने सुटून सरळ पट्ट्यावर पळायच्या) व्हायला लागल्या आणि एक वेगळीच तक्रार कानावर यायला लागली: गाडी थांबते ठीक, पण स्टार्ट लाइनवर उभी राहत नाही. ॲक्सिलरेटर दाबून बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) तयार करायला गेलं की ब्रेक असूनही पुढे सरकते. प्रमाण मांडणीत, गाडी लाइनवर कुठे उभी आहे ते दाखवणाऱ्या प्री-स्टेज आणि स्टेज या दोन प्रकाशकिरणांत फक्त ७ इंचांचं, म्हणजे जेमतेम १८ सेंटिमीटरचं अंतर असतं. तेवढंच सरकलं तरी स्टेजिंगचा विचका होतो.

आधी हे सांगतो की मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाडीला यातलं फारसं काही लागत नाही. क्लच दाबलेला असतो, चाकांवर ताकदच येत नाही. बूस्टसाठी टू-स्टेप (लाइनवर इंजिनाचे आरपीएम अडवून धरणारी सोय) आणि उतारासाठी हँडब्रेक पुरतो. अशा गाडीला मोठे कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) लावून देणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवणं. प्रश्न आहे टॉर्क कन्व्हर्टरच्या (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणाऱ्या) ऑटोमॅटिकचा, आणि त्यातही मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा.

आकडे मांडले की कारण दिसतं. स्टॉलला, म्हणजे गाडी अडवून ॲक्सिलरेटर दाबल्यावर, इंजिन १५० न्यूटन-मीटर देतंय असं धरा. कन्व्हर्टर ते दुप्पट करतो, पहिला गिअर ३, डिफरन्शियल ३.५. मागच्या ॲक्सलवर ३,१५० न्यूटन-मीटर आले. आता ६० बार दाबाला मागचा ३४ मिमी पिस्टनचा कॅलिपर, पॅडचं घर्षण ०.४ आणि डिस्कची परिणामी त्रिज्या ११ सेंटिमीटर धरून, एका चाकाला साधारण ४८० देतो. दोन्ही मिळून ९६०. पुढचा ५४ मिमीचा कॅलिपर त्याच हिशेबात १,२०० देतो, दोन्हींचे २,४००. कागदावर बेरीज ३,३६०, म्हणजे गाडी थांबायला हवी. तरी ती सरकते, कारण पुढचा ब्रेक टायरच्या पकडीवर अवलंबून असतो. पुढच्या ॲक्सलवर ७०० किलो वजन, पकड ०.९, टायरची त्रिज्या ३१ सेंटिमीटर, तर तिथे १,९०० च्या आसपासच मिळतात. बाकीचे टायर घासण्यात जातात. मागचा ब्रेक मात्र इंजिनाची ताकद हबमध्येच अडवतो, टायरपर्यंत काही पोचतच नाही. म्हणून होल्डिंग वाढवायचं तर मागे वाढवायचं. कंपनीने मागचा ब्रेक लहान ठेवलेला असतो, कारण चालती गाडी थांबवताना वजन पुढे जातं. तिच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

पार्ट बदलण्याआधी आहे ते तपासायचं, हा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला. बहुतेक वेळा सिंगल पिस्टन कॅलिपरच्या स्लायडर पिना जाम असतात. पिस्टन आतल्या पॅडला दाबतो, पण कॅलिपर सरकत नाही, त्यामुळे बाहेरचं पॅड नुसतं टेकून राहतं. पिना काढून साफ करायच्या, सिलिकॉन ग्रीस लावायचं (साधं ग्रीस नको, रबर फुगतं), फाटलेला बूट बदलायचा. निम्मी तक्रार इथेच मिटते.

मग बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक पॅडलला मदत करणारा डबा. हा मुद्दा आम्हाला उशिरा उमगला, कारण हात डिझेल गाड्यांवर बसलेला. डिझेलला स्वतंत्र व्हॅक्यूम पंप असतो, पॅडल नेहमी सारखंच. पेट्रोल टर्बोला व्हॅक्यूम मिळतो तो इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधून, आणि लाइनवर बूस्ट चढला की तिथे व्हॅक्यूम उरतच नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्वमुळे बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीनदा पॅडल मारलं की संपतो. त्यानंतर पॅडल दगडासारखं, ड्रायव्हर म्हणतो ब्रेक कडक झाले. कडक नाही झाले, मदत गेली. व्हॉल्व फुंकून बघायचा: एकाच बाजूने हवा गेली पाहिजे. त्यानंतर व्हॅक्यूमची टाकी किंवा इलेक्ट्रिक पंप. मोठ्या कॅमच्या इंजिनाला आयडलवरही व्हॅक्यूम कमी असतो, तिथे पंपच लागतो.

बूस्टर काढून टाकायचाच असेल तर पॅडलचं गुणोत्तर ६:१ च्या आसपास न्यावं लागतं आणि मास्टर सिलिंडर (पॅडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा) लहान करावा लागतो. ४० किलोची लाथ गुणिले ६ म्हणजे २४० किलो. एक इंची बोअरला ४७ बार मिळतात, ७/८ इंचीला ६१. दाब ३० टक्के वाढला, पण पॅडलचा प्रवासही तेवढाच वाढला. रबरी होज फुगत असतील किंवा लाइनमध्ये हवा असेल तर पॅडल सरळ फरशीला टेकतं. म्हणून आधी स्टीलच्या जाळीचे होज, मगच सिलिंडर.

पॅडच्या बाबतीत गिऱ्हाइकाशी वाद ठरलेला. सर्किट रेसिंगचं महागडं पॅड गरम झाल्यावर चावतं, ड्रॅगच्या लाइनवर डिस्क जवळजवळ थंड असते. पॅडच्या कडेला छापलेली इंग्रजी अक्षरं बघायची: पहिलं अक्षर कमी तापमानाचं घर्षण, दुसरं जास्त तापमानाचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर. आपल्याला पहिलं अक्षर एफ किंवा जी हवं. नवं पॅड बसवल्यावर ६० वरून १० च्या वेगापर्यंत आठ-दहा वेळा उतरवायचं, पूर्ण थांबायचं नाही, नंतर गार होऊ द्यायचं. मागचे ब्रेक लागलेले ठेवून बर्नआउट (चाकं जागेवर फिरवून टायर तापवणं) केला की पॅड काचेसारखं होतं. मग १२० नंबरच्या पेपरवर सपाट घासण्यावाचून इलाज नाही.

त्यासाठीच लाइन लॉक. पुढच्या ब्रेकच्या लाइनमध्ये सोलेनॉइड बसतो. पॅडल दाबून बटण धरलं की दाब पुढे अडकतो, मग पॅडल सोडलं की मागची चाकं मोकळी फिरतात. हा बर्नआउटचा पार्ट आहे, लाइनवर बूस्टला धरून ठेवायचा नाही. फ्रंट-व्हील गाडीत उलटं, मागची चाकं अडवायची. पण अशा बऱ्याच गाड्यांत ब्रेक तिरके विभागलेले असतात, म्हणजे डावं मागचं एका सर्किटवर, उजवं दुसऱ्यावर. तिथे दोन सोलेनॉइड लागतात. टी जोडून एकावर भागवलं तर एक लाइन फुटल्यावर सगळेच ब्रेक जातात. तसलं काम आम्ही करत नाही. रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला लाइन लॉकही बसवत नाही.

एवढं करूनही धरत नसेल तर मागचा ब्रेक मोठा करावा लागतो, आणि खरी अडचण इथे येते. मागे नुसता मोठा कॅलिपर लावला तर शर्यत संपल्यावर २०० च्या वेगात मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. प्रपोर्शनिंग व्हॉल्वने मागचा दाब कमी केला तर लाइनवरची पकडही गेली. यावर आम्हाला जमलेला मार्ग म्हणजे त्याच डिस्कवर दुसरा कॅलिपर, स्वतंत्र हायड्रॉलिक हँडब्रेकवर. त्याची टाकी वेगळी, लाइन वेगळी, फूटब्रेकला धक्का नाही. ५/८ इंची सिलिंडर, ७:१ लिव्हर, २० किलोची ओढ. यात ६५ ते ७० बार निघतात. ४० मिमी पिस्टनचे दोन कॅलिपर ६० बारलाही १,३०० च्या वर देतात. वरच्या हिशेबातले मागचे ९६० आणि पुढचे १,९०० धरून बेरीज ४,१०० च्या पुढे गेली.

यात एक चूक हमखास होते. दुसरा कॅलिपर डिस्कच्या विरुद्ध बाजूला येतो, तेव्हा डावा-उजवा अदलाबदल केला नाही तर ब्लीडर निपल (हवा काढायचा स्क्रू) खाली तोंड करतो. मग कितीही ऑइल घाला, हवा वरच अडकून राहते.

काम झालं की मोजणी. ब्लीडरच्या जागी ॲडॅप्टर लावून दाबाचा गेज, पॅडल स्क्रूच्या सपोर्टने ६० बारला अडवलेलं, हबला पट्टी बोल्ट करून १ मीटरचा पाइप आणि त्याच्या टोकाला क्रेनचा काटा. पाइप आडवा ठेवून काटा काटकोनात ओढायचा, हब सुटताना जे किलो दिसतील ते गुणिले ९.८१ म्हणजे न्यूटन-मीटर. डाव्या-उजव्यात १० टक्क्यांहून जास्त फरक आला तर गाडी परत रॅम्पवर.

गाडी आणताना शर्यतीचेच टायर चढवून आणा. त्रिज्या बदलली की हिशेब बदलतो.