एकहाती ब्राउझर

सोमवार

ॲपलचा जुना लॅपटॉप, पॉवरबुक जी४, अजून चालतो. पंखा घरघरतो, तळ तापतो, पण चालतो. आज त्यावर टेनफोरफॉक्स, म्हणजे अशा जुन्या मॅकसाठीचा ब्राउझर, उघडून एक बिल भरायला बसले. पान आलं, चित्रं आली, ‘पुढे जा’चं बटणही आलं. दाबलं. ढिम्म. पुन्हा दाबलं, तरी ढिम्म.

एरर कन्सोल उघडला तर आत सिंटॅक्स एरर, ओळ क्रमांक १. हल्लीच्या स्क्रिप्टा दाबून दाबून एकाच ओळीत कोंबलेल्या असतात, त्यामुळे ओळ क्रमांकाचा उपयोग शून्य. शोधत गेले तेव्हा कळलं की घोडं एका # चिन्हापाशी अडलंय. क्लासमधल्या, म्हणजे कोडच्या एका बंदिस्त गठ्ठ्यातल्या, नावाआधी हे चिन्ह लावलं की ते नाव बाहेरच्या कोडला दिसत नाही. प्रायव्हेट फील्ड म्हणतात त्याला. खुद्द फायरफॉक्समध्ये ही सोय २०२१ साली आली. टेनफोरफॉक्सचा पाया फायरफॉक्स ४५ चा, म्हणजे २०१६ चा. हे चिन्ह इथे करतंय काय, हेच त्याला उमगेना.

या स्क्रिप्टा ज्या भाषेत असतात त्या जावास्क्रिप्टचा हेकटपणा असा की बस. पानाचा मजकूर मांडणाऱ्या एचटीएमएलमध्ये अनोळखी टॅग आला तर ब्राउझर तो ओलांडतो आणि आतला मजकूर दाखवतो. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमधलं एखादं डिक्लेरेशन कळलं नाही तर तेवढंच सोडून बाकीचं लावतो. जावास्क्रिप्टमध्ये एक चिन्ह वाचता आलं नाही की अख्खी फाइल बाद. चिन्हाच्या कितीतरी आधीची, अगदी साधी आज्ञासुद्धा चालत नाही. म्हणून पान धडधाकट दिसतं आणि बटण मात्र मेलेलं असतं.

बिल फोनवरून भरलं.

मंगळवार

काल रात्री झोप येईपर्यंत याच ब्राउझरचा विचार करत होते. ॲपलने २००५ मध्ये मॅकमधले पॉवरपीसी प्रोसेसर सोडून इंटेलकडे जायचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी ते उरकूनही टाकलं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने त्यानंतर काही वर्षं पॉवरपीसीला सांभाळून घेतलं, पण २०११ च्या फायरफॉक्स ४ मधून त्याला वगळलं. फायरफॉक्स ३.६ हा शेवटचा. यंत्रं धडधाकट होती, मॅक ओएस एक्स १०.४ ही ठणठणीत होती. फक्त त्यांच्यासाठी ब्राउझर उरला नव्हता. कॅमेरॉन कायझर यांनी २०१० मध्येच फायरफॉक्सचा कोड घेऊन टेनफोरफॉक्स सुरू केला होता, तो याच यंत्रांसाठी. जी३, जी४ आणि जी५ या पॉवरपीसी प्रोसेसरांसाठी वेगवेगळे बिल्ड, म्हणजे तयार प्रती, असायचे, जी४ चे तर दोन. आपला प्रोसेसर कोणता ते बघून बिल्ड उतरवायचा.

एकट्या माणसाने हे केलं असं म्हणताना लोक बहुधा ‘कंपाइल करून दिलं’ एवढंच समजतात. जावास्क्रिप्ट वेगाने चालायची तर जेआयटी कंपायलर लागतो, म्हणजे कोड चालता चालता त्याचं थेट प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणारा भाग. मोझिलाचा जेआयटी पॉवरपीसीची भाषा बोलत नव्हता. ती बाजू कायझर यांनी स्वतः लिहिली. आयनपॉवर नाव त्याचं. वर बाइटच्या क्रमाची भानगड. चार बाइटांत १ हा आकडा ठेवायचा तर इंटेल ०१ ००  ०० ०० असा ठेवतो आणि हे जुने मॅक ०० ०० ०० ०१ असा. वेबवरच्या बहुतेकांनी इंटेलचाच क्रम जगाचा क्रम म्हणून धरलेला. त्यामुळे तिकडून येणारी टाइप्ड ॲरेवाली, म्हणजे थेट बाइटांशी खेळणारी, स्क्रिप्ट इकडे आली की आकडे उलटेपालटे. तेही निस्तरायला लागलं.

हे सगळं नोकरी सांभाळून करायचं काम नव्हे, असं मी म्हणणार होते. पण त्याने दहा वर्षं केलं, तेव्हा मी कोण सांगणार.

बुधवार

कामाचा रगाडा. फक्त एक गंमत टिपून ठेवते. क्रोम आजही प्रत्येक साइटला स्वतःची ओळख सांगताना ‘केएचटीएमएल, लाइक गेको’ असं म्हणतो. गेको म्हणजे फायरफॉक्सचं इंजिन, पान वाचून पडद्यावर मांडणारा भाग. केएचटीएमएल म्हणजे केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या कॉन्करर ब्राउझरचं इंजिन. ॲपलने त्यावरून वेबकिट केलं, गूगलने २०१३ मध्ये वेबकिटमधून ब्लिंक वेगळं काढलं. मूळ केएचटीएमएलला केडीईने २०२४ च्या फ्रेमवर्क्स ६ मधून वगळलं. घर रिकामं झालं, पण नातवंडं अजून आडनाव लावतात.

शुक्रवार

सहकाऱ्याला टेनफोरफॉक्सबद्दल सांगत होते. तो म्हणाला, “वापरणारे उरले नसतील, म्हणून बंद पडला.” सगळे हेच म्हणतात, आणि मला ते पटत नाही. वापरणारे थोडे होते हे खरं, पण ते पहिल्या दिवसापासून थोडेच होते.

माझ्या मते घात केला तो सुरक्षेच्या पॅचनी. ब्राउझर म्हणजे अनोळखी माणसाने पाठवलेला कोड स्वतःच्या यंत्रावर चालवणारं साधन. त्यात भोकं सापडतच राहतात. मोझिला भोक बुजवतं आणि दुरुस्ती, म्हणजे पॅच, उघड्यावर ठेवतं, कारण कोडच उघडा आहे. ही दुरुस्ती वाचणाऱ्या कुणालाही कळतं की भोक नेमकं कुठे होतं. ज्याने ती अजून लावलेली नाही, त्याचा पत्ताच जाहीर झाला म्हणा ना. त्यामुळे जुन्या कोडवर बसलेल्याला ‘बघू सवडीने’ असं म्हणायची सोय नसते. प्रत्येक खेपेला दुरुस्त्यांची यादी उघडायची, एकेक दुरुस्ती वाचायची, हे भोक आपल्या २०१६ च्या कोडमध्ये आहे का ते तपासायचं, असेल तर बुजवायचं.

आणि बुजवायचं तरी कसं? सुरुवातीला पॅच जवळजवळ तसाच बसतो. मग फंक्शनची नावं बदलतात, फाइली हलतात. २०१७ च्या फायरफॉक्स ५७ मध्ये तर सीएसएसचं इंजिनच रस्ट भाषेत नव्याने लिहिलेलं आलं. आता पॅच रस्टमधला आणि तुमचा कोड सी++ मधला. पॅच लावायचा नसतोच मग, त्याचा हेतू समजून घेऊन तुम्हीच दुसरा लिहायचा असतो. त्यात २०२० पासून फायरफॉक्सच्या आवृत्त्या दर चार आठवड्यांनी यायला लागल्या. कोडमधलं अंतर वाढत चाललेलं, आणि तारीख मात्र जवळ जवळ येत गेलेली.

सोमवारचं ते # चिन्ह यापुढे किरकोळ आहे. बटण चाललं नाही तर माणूस चरफडतो आणि फोन उचलतो. भोक राहिलं तर त्याला कळतही नाही.

सहकारी म्हणाला, “मग नवीन इंजिन लिहायचं.” ऑपेराने स्वतःचं प्रेस्टो इंजिन २०१३ मध्ये सोडायचं ठरवलं, मायक्रोसॉफ्टने एजचं स्वतःचं इंजिन सोडत असल्याचं डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केलं. त्यांच्याकडे माणसं होती, पैसा होता. मी एवढंच सांगितलं आणि चहाला उठलो आम्ही.

रविवार

टेनफोरफॉक्सचा शेवट मला आवडतो, हे जरा विचित्र वाटेल. कायझर यांनी मार्च २०२१ मध्ये आधी सांगितलं की थांबतोय. त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या देत राहिले, लोकांना दुसरी सोय बघायला वेळ दिला. कोड खुला ठेवला. ज्याला हवा त्याने स्वतः बिल्ड करावा. बरेच छोटे ब्राउझर असे जात नाहीत. शेवटची आवृत्ती तशीच डाउनलोडला पडून असते, आणि कुणीतरी बिचारा ती चालू प्रकल्प समजून उतरवून घेतो. मॅकवरचा कमिनोही नीट सांगून गेला, मे २०१३ मध्ये. त्याचं तर मोझिलाने दोन वर्षं आधीच गेको दुसऱ्या ॲपमध्ये बसवायची सोय बंद केल्यामुळे पायाखालचंच काढून घेतलं गेलं होतं.

डिलो हा छोटा ब्राउझर मात्र या शर्यतीत उतरलाच नाही. १९९९ पासून आहे, जावास्क्रिप्ट चालवतच नाही. मध्ये काही वर्षं निपचित पडला होता, २०२४ मध्ये ३.१.० आवृत्ती घेऊन परत आला. निम्मं वेब त्यात उघडत नाही आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. मला हा बाणा आवडतो, पण रोजच्या वापराला मी तो घेणार नाही, हेही लिहून ठेवते.

संध्याकाळी सहकाऱ्याचा मेसेज: “कुणीतरी पुढे चालवायला हवा होता.” हे कुणीतरी मला फार भेटतं. छोटा प्रकल्प बंद होतोय म्हटलं की आभार मानणारे येतात, देणगी देऊ का विचारणारे येतात, आणखी एकच आवृत्ती काढा म्हणणारेही येतात. गरज असते ती दर चार आठवड्यांनी ती यादी उघडून अर्धी स्वतः वाचणाऱ्या दुसऱ्या माणसाची. त्याला विचारलं, तू वाचली असतीस का? उत्तर आलं, “मला सी++ येत नाही.” मला येतं, आणि मीही वाचली नसती.