शिट्टीनंतरचा थ्रो कोणाच्या खात्यात? मिशिगनच्या स्प्रिंग चार्टची पुढची नोंद

शिट्टीचं कोडं सुटलं: मिशिगनच्या (अमेरिकन) कॉलेज फुटबॉल संघाच्या वसंतातल्या सराव सामन्यात, म्हणजे स्प्रिंगमध्ये, शिट्टीच्या आसपास फेकलेला बॉल मोजायचा की नाही, हे. पूर्ण नाही, पण मिशिगन स्टेडियममधल्या १९ एप्रिल २०२५ च्या मेझ विरुद्ध ब्लू (एकाच संघाचे दोन भाग) सामन्याची शीट, म्हणजे प्रत्येक प्लेची नोंद, आता हंगामाच्या शीटशेजारी ठेवता येते, इतपत नक्की सुटलं. आतापर्यंत दोन्ही शीटमध्ये कॉलम तेच होते, आकडे मात्र एकमेकांना ओळख देत नव्हते.

आधी बॉक्स स्कोअरचं उरकून घेऊ. मिशिगनचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) ब्राइस अंडरवुड याची त्या दिवशीची नोंद २६ थ्रोंपैकी १२ पूर्ण, १८७ यार्ड, एक टचडाउन. हा टचडाउन म्हणजे ८८ यार्डांचा फ्ली-फ्लिकर (बॉल धावणाऱ्याला देऊन परत क्वार्टरबॅककडे घ्यायचा फसवा प्ले). ट्रिक प्ले वेगळ्या खान्यात टाकायचा नियम लावला की उरतात २५ पैकी ११ आणि ९९ यार्ड. दर थ्रोमागे ७.२ यार्ड दिसत होते, ते ४.० वर येतात. नोव्हेंबरात आपल्याविरुद्ध, म्हणजे ओहायो स्टेटविरुद्ध, पोराने १८ पैकी ८, ६३ यार्ड केले, म्हणजे थ्रोमागे ३.५. स्प्रिंगनेच सांगितलं होतं की, असं म्हणायला जीभ शिवशिवते. पण याच पोराने पहिल्याच सामन्यात न्यू मेक्सिकोविरुद्ध ३१ पैकी २१, २५१ यार्ड काढले, थ्रोमागे ८.१. शिवाय अ‍ॅन आर्बरच्या त्या नोव्हेंबरच्या सामन्यात बर्फही पडत होता. त्यामुळे ४.० ला काही अर्थ नाही आणि ७.२ ला तर अजिबातच नाही. पंचवीस थ्रोंत तीन कॅच सुटले की सगळी सरासरी फिरते. कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए स्प्रिंगला १५ सराव देते, त्यातला हा एक. टॅकलिंगची मुभा त्यातल्या आठांनाच, आणि निम्म्याहून जास्त वेळ अकरा-विरुद्ध-अकरा खेळायची मुभा जेमतेम तिघांना. नेटमधल्या बॅटिंगवरून कसोटीतली धावसंख्या सांगू नये, पाय कुठे पडतोय तेवढं सांगावं.

पाय आणि घड्याळ, म्हणजे स्नॅपपासून (बॉल मागे क्वार्टरबॅककडे दिला जातो तो क्षण) रिलीजपर्यंतचा (बॉल हातातून सुटेपर्यंतचा) वेळ. आणि शिट्टी घोळ घालते ती नेमकी इथेच.

क्वार्टरबॅकच्या अंगाला हात लावायचा नाही हा स्प्रिंगचा नियम. म्हणजे सॅक (क्वार्टरबॅकला बॉलसकट आडवं पाडणं) होत नाही, रेफरी शिट्टी वाजवून तो जाहीर करतो. ती कधी वाजेल याला काही धरबंद नाही. कोचना प्ले पुढे बघायचा असेल तर रेफरी शिट्टी गिळून टाकतात, एखादा लाइनमन (क्वार्टरबॅकसमोर आड उभा राहणारा) पडलेला दिसला तर लवकर फुंकतात. आता शीटमध्ये फक्त फेकलेले बॉल मोजले तर ज्या प्लेमध्ये तो बॉल धरून बसला आणि सापडला, ते सगळे गळतात. लवकर सुटलेले थ्रो तेवढे उरतात आणि पोरगा चपळ दिसायला लागतो. उलट सगळेच थ्रो मोजले, तर एंड (कडेने चढाई करणारा प्रतिस्पर्धी) शेजारी उभा असताना निवांत फेकलेला बॉलही चांगल्या खात्यात जातो. शरदात, म्हणजे खऱ्या हंगामात, त्या क्षणी तो जमिनीवर असता.

आधीचा उपाय होता शिट्टी आवाजातून पकडण्याचा. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरात स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचा आलेख) उघडला की साधारण ३ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात शिट्टी स्वच्छ रेघेसारखी दिसते. तंत्र चालतं, उपयोग शून्य. एक तर स्ट्रीममध्ये आवाज आणि चित्र दोन-चार फ्रेमनी सरकलेले असतात. दुसरं, स्प्रिंगच्या प्रसारणात निम्मा वेळ कोचची मुलाखत चालू असते आणि तिच्याखाली मैदानाचा आवाज दाबून टाकलेला असतो. आणि मुख्य म्हणजे शिट्टीची वेळ अगदी मिलिसेकंदापर्यंत मिळाली तरी ती वेळच चुकीची आहे. ती रेफरीची प्रतिक्रिया, रश (क्वार्टरबॅकवरची चढाई) पोहोचल्याची वेळ नव्हे.

म्हणून रेफरीला सोडून रशरकडे बघायचं. एंड टॅकलच्या (कडेच्या लाइनमनच्या) बाहेरच्या खांद्याखालून वाकून वळतो, समोर क्वार्टरबॅकची बाजू उघडी, आणि शेवटच्या दोन पावलांत जे होतं ते फ्रेम-फ्रेम पाहण्यासारखं आहे. आधी कंबर खाली बसते. पुढचं पाऊल चवड्याऐवजी टाचेवर पडतं. मग दोन्ही हात खांद्यांच्या वर जातात आणि तो क्वार्टरबॅकला घासून न घासल्यासारखा निघून जातो. शिट्टी असलीच तर यानंतर. टाच टेकते त्या फ्रेमला आता 'ब्रेक फ्रेम' म्हणू. तिच्यासाठी तीन अटी: रशर क्वार्टरबॅकपासून हातभर, म्हणजे साधारण एका यार्डाच्या आत, ब्लॉकरचा हात त्याच्या छातीवर नाही, आणि वेग त्याने स्वतःहून कमी केलेला. तिन्ही जुळल्या तरच. ब्लॉकर अंगाला चिकटलेला असताना नुसते हात वर करणारे पुष्कळ असतात, ते धरायचे नाहीत.

ब्रेक फ्रेमनंतरचा थ्रो, पूर्ण झाला तरी, थ्रो म्हणून मोजायचा नाही. पण प्ले फेकूनही द्यायचा नाही. इथे मदतीला येतं ते औषधांच्या चाचण्यांत वापरतात ते कॅप्लन-मायर, म्हणजे अर्धवट राहिलेल्या नोंदीही धरून वेळेचा वक्र काढायची रीत. रिलीज ही घटना. ब्रेक फ्रेम किंवा आधी वाजलेली शिट्टी म्हणजे निरीक्षण मध्येच तुटलं. तुटलेला प्ले एवढंच सांगतो की 'इतक्या वेळेपर्यंत बॉल हातातच होता', आणि तेवढी माहिती वाया जात नाही.

समजा पाच प्ले आहेत. रिलीज २.२, २.८ आणि ३.४ सेकंदांना, आणि दोन तुटलेले, २.६ आणि ३.१ ला. फक्त थ्रो घेतले तर मध्यक २.८. आता वेळेच्या क्रमाने लावा. २.२ ला पाच प्ले शिल्लक, एक सुटला, 'बॉल अजून हातात' चं प्रमाण ०.८. २.६ ला तुटलेला एक नुसता यादीतून कमी. २.८ ला तीन शिल्लक, एक सुटला, ०.८ गुणिले दोन-तृतीयांश, म्हणजे ०.५३. ३.१ चा पुन्हा यादीतून बाद. ३.४ ला एकच शिल्लक, तोही सुटला, प्रमाण शून्य. ०.५ ची रेघ ओलांडली गेली ३.४ ला, म्हणजे मध्यक ३.४. त्याच पोराचं घड्याळ ०.६ सेकंदांनी मंद निघालं. कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये यासाठी चार कॉलम पुरतात: वेळ, घटना की तुटलेला, शिल्लक, आणि मागचं प्रमाण गुणिले (१ वजा घटना भागिले शिल्लक). आर ही संगणकभाषा येत असेल तर सर्व्हायव्हल पॅकेजमधलं सर्व्हफिट एका ओळीत करून देतं आणि विश्वासपट्टाही (खरा आकडा ज्या मर्यादेत असू शकतो ती) काढतं. पंचवीस ड्रॉपबॅकवर (फेकण्यासाठी मागे सरकायचे प्ले) तो पट्टा इतका रुंद येतो की अंगावरचा माज आपोआप उतरतो.

एक खोट राहतेच. कॅप्लन-मायर धरून चालतं की तुटणं आणि सुटणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. इथे तो आहे. जो बॉल धरून बसतो त्याचेच प्ले तुटतात, त्यामुळे वक्र खऱ्यापेक्षा थोडा उदारच निघणार. म्हणून दोन बंधनं: तीन सेकंदांपलीकडचा वक्र वाचायचा नाही, आणि तुलना त्याच क्वार्टरबॅकची त्याच्याशीच, स्प्रिंग विरुद्ध शरद. दोन पोरांची एकमेकांशी नाही, कारण पुढची लाइन वेगळी. स्प्रिंगला तर संघच दोघांत वाटलेला असतो, पहिल्या फळीचे पाच लाइनमन एका बाजूला मिळणं दुरापास्त.

शरदाच्या शीटलाही हेच नियम लावावे लागतात, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. सॅक म्हणजे पहिल्या स्पर्शाच्या फ्रेमला तुटलेला. स्क्रॅम्बल (क्वार्टरबॅक स्वतःच बॉल घेऊन पळतो तो प्ले) म्हणजे बॉल काखेत घेतो त्या फ्रेमला तुटलेला. बॉल बाहेर भिरकावला तर तांत्रिकदृष्ट्या तो रिलीज, पण निर्णय तिथे झालेला नसतो. म्हणून पॉकेट (लाइनमनांच्या आडची जागा) सोडल्याच्या फ्रेमला तुटलेला. अंडरवुडचा ओक्लाहोमाविरुद्ध २४ पैकी ९ आणि १४२ यार्ड हा सामना या कोडिंगसाठी उत्तम सरावपाट आहे. सगळे प्रकार एकाच संध्याकाळी सापडतात.

'दबावाखाली नजर' हा कॉलम मात्र स्प्रिंगच्या शीटमधून काढून टाका. आपल्याला कोणी आडवं पाडणार नाही हे माहीत असलेला क्वार्टरबॅक डाउनफील्ड बघणारच, त्यात शौर्य कसलं. मागचा पाय मात्र खोटं बोलत नाही. ड्रॉपच्या टोकाला तो रोवला गेल्यावर हिच (फेकण्याआधीची छोटी पावलं) किती, एक, दोन की तीन, हे सवयीने होतं आणि ती सवय नियमाने बदलत नाही. हिचच्या कॉलमला आता आपण वेळेच्या खालोखाल वजन देतो.

फ्रेमबद्दल थोडं, कारण मधल्या काळात आलेल्या काही शीट यामुळेच जुळत नव्हत्या. बिग टेन नेटवर्क, फॉक्स आणि एबीसी या वाहिन्या ७२० पी, सेकंदाला सुमारे ६० फ्रेम. एनबीसी १०८० आय, म्हणजे त्यावरचा न्यू मेक्सिकोचा सामना इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या फील्डमध्ये वाटलेली). ढिसाळ डीइंटरलेसिंग झालेल्या फाइलमध्ये सेकंदाला ३० च फ्रेम उरतात आणि प्रत्येक टोकाला ३३ मिलिसेकंदांची चूक शिरते. दोन टोकं मिळून ०.०७. मग २.६० आणि २.६५ यांत फरक सांगणं हा विनोदच. एफएफएमपेग या व्हिडिओ-साधनातला बीडब्ल्यूडिफ फिल्टर प्रत्येक फील्डची स्वतंत्र फ्रेम करण्याच्या मोडवर चालवा, ५९.९४ परत मिळतात. स्क्रीन रेकॉर्डिंग असेल तर फ्रेमदर मध्येच बदलतो, तिथे फ्रेम मोजू नका, टाइमस्टॅम्प वाचा. प्लेअर म्हणून एमपीव्ही. टिंबाने एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाने एक मागे. व्हीएलसीत 'ई' ने पुढे जाता येतं, मागे यायचं म्हटलं की रडारड. स्नॅपची फ्रेम शोधताना मागे-पुढे करावंच लागतं. विद्यापीठं स्वतः टाकतात त्या हायलाइटवर चार्ट करणाऱ्यांना साष्टांग नमस्कार. त्यात चुकलेला थ्रो औषधालाही नसतो.

स्प्रिंगमध्ये विनाअट भरवशाचं एकच माप आहे आणि ते कोणी काढत नाही याचं नवल वाटतं: दूरच्या हॅशवरून (मैदानावरच्या दोन उभ्या खुणांच्या ओळींपैकी लांबची) आउट, म्हणजे साइडलाइनकडे वळणाऱ्या खेळाडूला टाकलेला थ्रो. कॉलेजमध्ये दोन हॅशमधलं अंतर ४० फूट, मैदानाची रुंदी १६० फूट, म्हणजे प्रत्येक हॅश जवळच्या साइडलाइनपासून ६० फुटांवर. मैदानावर रंगवलेल्या यार्डांच्या आकड्यांचा वरचा कडा साइडलाइनपासून ९ यार्डांवर. डाव्या हॅशवरून उजव्या आकड्यांपर्यंत आडवं अंतर ७३ फूट, २४ यार्डांहून थोडं जास्त. क्वार्टरबॅक स्नॅपच्या रेघेमागे ७ यार्ड आणि आउट १२ यार्डांवर पकडला, तर उभं अंतर १९. तिरकं अंतर जवळपास ३१ यार्ड, आणि शीटमध्ये तो '१२ यार्डांचा थ्रो' म्हणून बसतो! हेच जवळच्या हॅशवरून २२ यार्डच भरतं. रिलीजपासून कॅचपर्यंत ८४ फ्रेम लागल्या तर १.४ सेकंद, सरासरी वेग ताशी ४५ मैल. दंडाची ताकद बघायला रशची गरज नसते, त्यामुळे मऊ स्प्रिंगमध्येही हे माप टिकतं. दर थ्रोला हॅश लिहा, डावा, उजवा की मधला. बाकी हिशोब शीट करेल.

उत्तरेकडच्या मंडळींवर, म्हणजे मिशिगनवर, नजर ठेवतो म्हणून जे चिडतात त्यांच्यासाठी: प्रतिस्पर्ध्याच्या सामन्याला प्रत्यक्ष जाऊन स्काउटिंग करायला एनसीएएने १९९४ पासून बंदी घातली आहे, ती संघांच्या लोकांना, आणि ती मोडल्याच्या प्रकरणात २०२३ मध्ये गाजलेलं नाव आपल्या बाजूचं नव्हतं. टीव्हीवर दाखवलेलं बघायला कुणाची आडकाठी नाही. दाखवलं तर! २०२५ मध्ये नेब्रास्का आणि टेक्सासने नेहमीचा स्प्रिंग गेम रद्दच केला. नेब्रास्काचे कोच मॅट रूल यांचं कारण होतं की आपली पोरं दुसऱ्यांना दिसतात आणि पोर्टलमधून (खेळाडूंच्या संघबदलाची व्यवस्था) पळवली जातात. आता पोर्टलची एप्रिलची खिडकी बंद होऊन जानेवारीचीच उरली आहे, तेव्हा ते कारण बरंच ढिलं पडलं. खेळ परत येतील अशी आशा आहे.

येत्या स्प्रिंगसाठी मूळ बेत होता की गेल्या वर्षीची आरपीओ (धाव की थ्रो हे स्नॅपनंतर ठरवायचे प्ले) आणि पहिली नजर कुठल्या बाजूला जाते ही टक्केवारी आधाररेषा म्हणून वापरायची. तो बेत गेला. मिशिगनचे मुख्य कोच शेरॉन मूर गेले, काइल व्हिटिंगहॅम आले, प्लेबुकचे सगळे कॉलम कोऱ्या पानावरून. शरीराचे तीनच उरतात: वेळ, हिच, आणि दूरच्या हॅशचा वेग.

हे लिहिता लिहिता त्याहून बरं काहीतरी सुचलं. ब्रेक फ्रेमची पद्धत खरी की योगायोग, हे मिशिगनच्या एका पोरावरून कळणार नाही. आपल्याच घरात दुसरा नमुना पडून आहे: ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक जूलियन सेयिन, १२ एप्रिल २०२५ चा स्प्रिंग गेम, आणि मग टेक्सासविरुद्धच्या १४-७ मधले २० पैकी १३, १२६ यार्ड. बॉक्स स्कोअर अगदी बेताचा. पण दोन्ही दिवसांचे वक्र तीन सेकंदांच्या आत एकमेकांवर बसतात का, ते बघायचं. त्यामुळे मिशिगनची उरलेली शीट थांबवून आधी सेयिन. ज्यांना वाटून घ्यायचंय त्यांनी टेक्सासचा दुसरा हाफ घ्या, ब्रेक फ्रेम दोघांनी एकमेकांची न बघता लावा, आणि दोन फ्रेमपेक्षा जास्त फरक आला तर ती ओळ लाल करून ठेवा, सरासरी काढू नका.